एका खुर्चीपुरता आवाज

पाठीमागून कुणीतरी ‘शूऽऽ’ केलं आणि अनंत वेताच्या खुर्चीत गर्रकन वळला. मागे कुणी नव्हतं. भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं आणि कॅलेंडरच्या दोन्ही बाजूंना हसमुखभाईंनी नुकतेच टांगलेले, पोह्यांच्या डब्याएवढे दोन काळे स्पीकर होते. तो पुन्हा समोर वळेपर्यंत ते ‘शूऽऽ’ समोर डावीकडे येऊन उभं राहिलं, तिथून टीव्हीखालच्या आडव्या स्पीकरमध्ये शिरलं, मग उजवीकडे, आणि मग परत पाठीमागे. खोलीला प्रदक्षिणा घालत होतं. हसमुखभाई कपाटाला टेकून, हातात रिमोट घेऊन हसत होते. वापीला त्यांचं दुकान होतं आणि विकलेला माल स्वतः येऊन जोडून द्यायचा असा त्यांचा खाक्या होता. पहिल्यांदा बसणारा प्रत्येक माणूस मागे वळून बघतोच, असं ते म्हणाले. हा नुसता तपासणीचा आवाज आहे, एकेक स्पीकर पाळीपाळीने बोलून दाखवतो, गाणं तर अजून पुढेच आहे. त्यांना वाटलं, साहेब नव्या यंत्राला दचकले. अनंत खुर्चीच्या दोन्ही हातांवर पंजे रोवून नुसता ऐकत होता. कित्येक वर्षांत त्याच्या पाठीमागे कुठलाही आवाज झाला नव्हता.

पाठीमागेही जग असतं हे तो जवळजवळ विसरला होता. त्याचं जग समोर होतं, डोळ्यांना दिसेल तेवढंच. जे दिसत नाही ते वाजतही नाही, हा हिशेब कधी सुरू झाला हे सांगता आलं नसतं. आवाज काही एका दिवसात बंद पडला नाही. आधी बारीक बारीक आवाज गेले, एखाद्या घरातून भांडी जावीत तसे, एकेक, आणि हवं तेव्हाच लक्षात यावं की अरे, ते नाहीच. स्टोव्हची भरभर राहिली पण तिच्यावरची शिटी गेली. पैंजण गेलं. लग्न करून विद्या सिल्वासात आली त्या वर्षी दर रविवारी दोघं स्कूटर काढून वासोण्याच्या रस्त्याला जायचे, स्कूटर लावून सागाच्या झाडांतून चालायचे, आणि पायाखाली ती ताटाएवढी वाळकी पानं अशी काही कुरकुरायची की बोलणं बंद करावं लागे. काही वर्षांनी लेकीला, रसिकाला घेऊन ते पुन्हा गेले, तेव्हा पानं तितकीच होती, पाय तितकेच जड होते, पण रान मुकं होतं. अनंतने खाली वाकून एक पान उचललं आणि मुठीत चुरडलं. पानाचा चुरा झाला आणि आवाज झाला नाही. रसिका पुढे उड्या मारत चालली होती, विद्या तिच्यामागे. त्याने तो चुरा पँटला पुसला आणि कुणाला काही सांगितलं नाही. आज या भिंतीवरच्या डब्यांतून येणारं ते ‘शूऽऽ’ म्हणजे तीच पानं होती, तोच स्टोव्ह होता, आई शेव पाडायची तेव्हाची कढई होती. एवढं सगळं त्याच्या मानेमागे येऊन उभं राहिलं होतं आणि हसमुखभाई म्हणत होते की हा नुसता तपासणीचा आवाज आहे.

नाशिकहून तो इकडे आला तेव्हा सिल्वासाजवळ गलोंड्याला कारखान्याची ही एकच शेड उभी होती आणि आजूबाजूला भाताची खाचरं. धाग्याला पीळ देणारी यंत्रं, लांबच लांब, आणि त्यांच्या हजारो चकत्या एकाच वेळी फिरत. पहिल्या दिवशी शेडचं दार उघडलं तेव्हा तो आवाज अंगावर भिंत पडावी तसा पडला होता. तो ओरडून काहीतरी विचारत होता आणि स्वतःचेच शब्द त्याला ऐकू येत नव्हते. तेव्हा मशीनवरचा झिपरू, शहाद्याकडचा, त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, इथं कान लावू नका. तोंडाकडे पहा.” मग अनंतही तोंडाकडे पाहायला शिकला. शेडमध्ये सगळेच तसं बोलायचे, ओठांनी आणि हातांनी. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ हवेत पिळली की बॉबिन उतरवा. अंगठा हनुवटीला लावला की मोठे साहेब येतायत, कारण मोठ्या साहेबांना दाढी होती. ते साहेब गेले, नवे आले, ते गुळगुळीत, तरी खूण तीच राहिली. कंपनीने कानात घालायची बोंडं वाटली होती, ती पहिल्या आठवड्यातच खिशात गेली आणि पुढे कुठे गेली कोण जाणे. बोंडं घातली की यंत्राचा सूर बिघडलेला कळत नाही, असं सगळेच म्हणायचे आणि अनंतलाही ते पटायचं. यंत्राचा सूर त्याला खरोखरच कळायचा. चुकार चकती तो चालता चालता बोटाने दाखवायचा. पुढे पुढे तो हात लावून दाखवू लागला, आणि लोकांना त्याचं अधिकच कौतुक वाटलं. आता तो प्रॉडक्शन मॅनेजर होता, काचेच्या केबिनमध्ये बसायचा, आणि काचेपलीकडचे ओठ त्याला अलीकडच्यांपेक्षा चांगले समजायचे.

गंमत अशी की ओठ वाचणाऱ्या माणसाला लोक फार चांगला माणूस समजतात. तो बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नाही, मध्येच बोलत नाही, मान हलवतो. सोसायटीत अनंतची ख्याती होती की याच्यासारखा ऐकून घेणारा दुसरा नाही. शेजारच्या सुमनवहिनी आपल्या सुनेच्या तक्रारी त्यालाच सांगायच्या. लग्नसमारंभात, अंधारात, पंगतीत शेजारी बसलेल्यांशी मात्र त्याची फार पंचाईत व्हायची. तिथे तो हसायचा. हसण्याचं त्याने एक शास्त्रच बनवलं होतं. समोरचा हसला की अर्धं, सगळे हसले की पूर्ण.

हे सगळं कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त विद्याला. कारण नोकरीचं नव्हतं. मालक त्याला सोडणार नव्हते. कारण त्याचे वडील होते. निवृत्तीनंतर त्यांचे कान गेले, अगदी पूर्ण नाही, पण मोठ्याने बोलावं लागे एवढे. तेव्हा अनंत कॉलेजात होता, आणि घर कसं बदललं ते त्याने पाहिलं होतं. कुणी वाईट वागलं नाही. सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलत होते, एवढंच. पण मोठ्याने बोलायचं म्हटलं की माणूस थोडकंच बोलतो. ‘जेवायला चला.’ ‘गोळी घेतली का?’ ‘गावाहून पत्र आलंय.’ पत्रात काय आलंय ते कोण ओरडून सांगणार? आई पूर्वी बाजारातून आली की पिशवी खाली ठेवायच्या आत सुरू व्हायची, कोण भेटलं, काय म्हणालं, त्याची बहीण कुणाकडे दिलीय, आणि वडील पेपरामागून हूं हूं करायचे. ते हूं हूं बंद झालं. आई बाजारातून यायची, पिशवी ठेवायची आणि मोठ्याने सांगायची, ‘कोथिंबीर आणली.’ बाकीचं सगळं ती स्वयंपाकघरात मुलांना सांगायची, आणि वडिलांनी काय झालं म्हणून विचारलं की म्हणायची, नंतर सांगते. ते नंतर कधी आलं नाही. शेवटच्या वर्षी ते व्हरांड्यात बसून घरातल्या लोकांचे चेहरे बघत राहायचे, आणि कुणी हसलं की आपणही थोडं हसायचे. अनंतला हे हसणं आरशात ओळखीचं वाटायला लागलं तेव्हा तो पहिल्यांदा खरा घाबरला.

विद्या आईसारखीच होती. तिची कुठलीही गोष्ट सरळ चालायची नाही. भाजी महाग झाली हे सांगायलासुद्धा ती पुतळाबाईपासून सुरू करायची, भाजी विकणाऱ्या पुतळाबाईच्या जावयावर जायची, जावयाच्या टेम्पोत बसून दमणगंगेच्या पुलापर्यंत पोचायची आणि मग कधीतरी वांग्यांवर यायची. अनंतला ती वांगी नको होती, तो जावई हवा होता. एखाद्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून त्याच्या कानाशी ओरडेल, ‘वांगी महाग झालीत!’ आणि वळून आत जाईल, एवढीच त्याची भीती होती. बाकी जगात काय वाटेल ते होवो. म्हणून टीव्हीचा आवाज हळूहळू वाढू लागला आणि रसिका कान झाकून घेऊ लागली तेव्हा त्याने एकदम जाहीर केलं की आपल्याला होम थिएटर घ्यायचंय. मोठा आवाज हा दोष असतो, पण मोठे स्पीकर हा शौक असतो. पाचपाच स्पीकर असलेल्या माणसाला कुणी बहिरा म्हणत नाही.

“साहेब, तमे रोज ज्यां बेसो छो ने, त्यांज बेसजो,” हसमुखभाई म्हणाले. “सब इधरसेच सेट होगा.” त्यांनी समजावून सांगितलं की रोजच्याच जागी बसायचं, कारण आवाज खोलीसाठी लावायचा नसतो, बसणाऱ्या माणसासाठी लावायचा असतो. ही खुर्ची म्हणजे मध्य. फिरणारा आवाज चारी बाजूंनी सारखाच जोरात आला पाहिजे. जिथे कमी वाटेल तिथे साहेबांनी बोट दाखवायचं, मी वाढवतो. अनंतने डोळे मिटले. शेडमधल्या बिघडलेल्या चकतीसारखं त्याने या कामात मन घातलं. डावीकडे कमी होतं. त्याने डावं बोट दाखवलं. अजून कमी होतं. पुन्हा बोट. मागचे दोन अजून थोडे. डावीकडे आणखी. बारीक आवाजाची कळ शेवटपर्यंत. हळूहळू ते ‘शूऽऽ’ गोल गोल होत गेलं, कुठे खड्डा नाही, कुठे उंचवटा नाही, आणि तो त्याच्या बरोबर मध्यभागी बसला होता. त्याने दोन्ही हात वर करून थांबवलं. डोळे उघडले तर हसमुखभाई मान तिरकी करून रिमोटकडे आणि मग डाव्या स्पीकरकडे बघत होते. खुर्चीमागे येऊन त्यांनी स्वतः एक फेरी ऐकली. मग बाल्कनीच्या दाराचा जाड पडदा त्यांना दिसला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. “परदो छे ने, पी जाय छे आवाज,” ते म्हणाले. पडदा आवाज पितो हे अनंतला तात्काळ पटलं, आणि त्याने तसं दोनदा बोलूनही दाखवलं.

मग त्यांनी तबकडी घातली. आधी बासरी आली. ती कुठल्याच स्पीकरमधून आली नाही. दोन स्पीकरांच्या मध्ये, टीव्हीच्या थोडी वर, जिथे भिंतीला नुसता रंग होता तिथे कुणीतरी बसून वाजवत होतं. वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता. सूर सुरू व्हायच्या आधी जी हवा निघते, तीसुद्धा. त्यामागून तबला, आणि तबल्याची थाप नव्हे, थापेची कड. बोट चामड्यावरून उचलताना होणारा तो चिमुकला आवाज. अनंतला एकाएकी लाज वाटली, इतकं सगळं तो ऐकू शकतो याची, जणू दुसऱ्याच्या घरात शिरून बघत होता. नंतर सिनेमाचा एक तुकडा लावला. जंगल, आणि कुणीतरी चालतंय, पडद्यावर नाही, मागे, खुर्चीच्या मागे, वाळक्या पानांवरून. कुरकुर, कुरकुर, डाव्या खांद्यामागून उजव्या खांद्याकडे. अनंत वळला नाही. आता त्याला वळायचं नव्हतं. मागे कुणीतरी आहे आणि ते ऐकू येतंय, न बघता कळतंय, हे सुख त्याला पुरवून पुरवून घ्यायचं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. विद्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात झारा तसाच. तिने सिनेमाकडे पाहिलंच नाही. ती अनंतकडे बघत होती. त्याने घाईघाईने चष्मा पुसायला काढला, आणि हसमुखभाई म्हणाले की अशा गिऱ्हाइकाला माल द्यायला मजा येते.

ते गेल्यावर रसिका धावत येऊन खुर्चीत बसली. आठवीतली मुलगी, तिने तबकडी पहिल्यापासून लावली आणि अर्ध्या मिनिटात तोंड वाकडं केलं. “बाबा, बगाडी नाख्युं छे. सगळं लेफ्टलाच वाजतंय. आणि मागचं किती कर्कश.” ती कळ फिरवायला उठली तेव्हा अनंतने तिचा हात जवळजवळ पकडलाच. पडद्याचं कारण त्याने पुन्हा सांगितलं. तिने उठून पडदा बाजूला सारला, खुर्चीत येऊन बसली, आणि म्हणाली की तरीही तसंच. तेव्हा त्याला कळलं.  जे इतकी वर्षं डोक्याच्या आत लपवून ठेवलं होतं, ते त्याने स्वतःच्या बोटाने दाखवून दाखवून दिवाणखान्यात उभं केलं होतं. डावा कान किती गेलाय, उजवा किती, बारीक आवाज कुठून पुढे नाहीत, सगळं तिथे होतं, बरोबर मापाचं. शिंप्याने अंगावर बेतलेल्या सदऱ्यावरून कुबड कळावं तसं. त्या खुर्चीत जो बसेल त्याला ते ऐकू येईल.

सरळ कळा पूर्वीसारख्या करून टाकायच्या, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. एका संध्याकाळी घरात कुणी नसताना त्याने केल्याही. बासरी गेली. श्वास गेला, थापेची कड गेली, आणि मागची भिंत पुन्हा नुसती भिंत झाली. त्याने लगबगीने सगळं परत होतं तसं लावलं आणि बासरी आपल्या जागी येऊन बसेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. मग त्याने दुसरा मार्ग धरला. खुर्चीत कुणाला बसू द्यायचं नाही. रविवारी लोक ऐकायला यायला लागले, त्यांच्या डोकमर्डी भागात असं पहिलंच घर होतं, आणि येणाऱ्याला मध्यावर बसायचं असायचं. अनंत आधीच जाऊन बसायचा. पाहुण्यांना सोफा दाखवायचा. सुमनवहिनींचे यजमान म्हणाले की आम्हालाही कधी सिंहासनावर बसू द्या, तेव्हा तो समोरच्याचा अंदाज घेऊन पूर्ण हसला आणि उठला नाही. ऑफिसला जाताना खुर्ची तो बाल्कनीत उन्हात ठेवून जाऊ लागला, वेताला ऊन लागतं म्हणून.  वेताला ऊन लागत नसतं हे विद्याला ठाऊक असणार.

संध्याकाळी मात्र तो राजा होता. केबिनमधून येऊन, हातपाय धुऊन तो खुर्चीत बसायचा आणि आवाज त्याच्याभोवती गोळा व्हायचा. जुन्या, हजारदा ऐकलेल्या गाण्यांत त्याला माणसं सापडायला लागली होती. एका गाण्यात मागे कुठेतरी एक बाई नुसत्या टाळ्या वाजवत होती, इतकी वर्षं, बिचारी, आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याला वाटायचं, जगात किती लोक किती काय काय वाजवत असतात, आणि ते सगळं कुणासाठी तरी असतं. असं वाटलं की तो अगदी लहान व्हायचा आणि त्याला बरं वाटायचं. त्याच वेळी त्याचा एक डोळा दाराकडे असायचा. विद्या यायची. ती नेहमी तशीच यायची, पदराला हात पुसत, खुर्चीला वळसा घालून समोर, टीव्हीच्या आणि त्याच्या मध्ये. आधी दिवा लावायची. अंधारात बोलायला मला आवडत नाही, असं ती लग्नानंतर काही वर्षांनी म्हणायला लागली होती. मग त्याच्या समोर बसायची आणि सुरू व्हायची, पुतळाबाई, जावई, टेम्पो. स्वयंपाकघरातून ओरडायचा तिला भारी कंटाळा. एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं चालत येते म्हणून तो तिला चिडवायचासुद्धा. आळशी नाही माझी बायको, म्हणायचा, नुसती फेऱ्या मारत असते.

एप्रिलमधल्या एका दुपारी गलोंड्याच्या लाइनवरचा ट्रान्सफॉर्मर गेला आणि शेड एकदम थांबली. हजारो चकत्या हळूहळू फिरायच्या बंद झाल्या, सगळे धागे तुटून लोंबकळले. दुरुस्तीला उद्या उजाडेल असा निरोप आला तेव्हा झिपरूने दोन हात गालाला लावून मान कलती केली, म्हणजे झोपा आता. अनंतने लोकांना सोडलं आणि उन्हं कलायच्या आधीच तो घरी आला. किल्लीने दार उघडलं. दाराकडे पाठ करून वेताची खुर्ची दिवाणखान्याच्या मध्यावर होती, बाल्कनीतून आत आणलेली, आणि तिच्यात विद्या बसली होती.

तपासणीचा आवाज चालू होता. समोर डावीकडे, टीव्हीखाली, उजवीकडे, मागे. दारातून अनंतला तो पुसट कळत होता, पण विद्याच्या मानेवरून फेरी दिसत होती. आवाज जिकडे जाई तिकडे तिची मान किंचित जाई. डावीकडे आला की ती दचकून खांदा उचलायची. तिच्या शेजारी टीपॉयवर देवघरातला वातींचा कापूस होता, निळ्या कागदातला, उलगडलेला. तिने त्यातला एक तुकडा तोडला, दोन बोटांत वळला आणि डाव्या कानात घातला. एक फेरी ऐकली. मान हलवली. अजून एक तुकडा, डावीकडेच. मग थोडा उजवीकडे. पुन्हा फेरी. उजवा तिने काढला, निम्मा केला, परत घातला. अनंत दारात चप्पल घालूनच उभा होता. ती काय करतेय हे त्याला कळलं नाही, आणि मग कळलं. तिने अजून थोडा कापूस घेतला, वातीसारखा लांब वळला, डाव्या कानात अगदी आतपर्यंत सारला. आता फेरी आली तेव्हा तिची मान हलली नाही. डावीकडे हलली नाही, मागेही नाही. खांदे खाली आले. आवाज तिच्याभोवती सारखा झाला होता. ती पोचली होती. जिथे तो इतकी वर्षं एकटा बसला होता तिथे कापसाचं बोट धरून ती पोचली होती, आणि आता दोन्ही हात मांडीवर ठेवून, तिथे कसं वाटतं ते बघत बसली होती.

“विद्या,” तो म्हणाला.

ती वळली नाही. तो आणखी मोठ्याने म्हणाला. तिच्या मानेवरचा केससुद्धा हलला नाही. तिच्या लेखी मागे कुणीच नव्हतं. भिंत होती, कॅलेंडर होतं. अनंतने इतकी वर्षं आपली पाठ कधी पाहिली नव्हती. ती अशी असते तर. हाक मारावी आणि ती अशी बसून राहते, ओळखीची, आपली, आणि तिला कशाचा पत्ता नाही. विद्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून किती वेळा या पाठीला हाक मारत राहिली असेल. पहिल्यांदा रागावली असेल. मग एक दिवस पदराला हात पुसून, न बोलता, वळसा घालून समोर आली असेल, आणि अंधार होता म्हणून दिवा लावला असेल. तेव्हापासून रोज. भाजी महाग झाली हे सांगायलासुद्धा. आणि त्यातला जावई तिने एकदाही गाळला नव्हता, टेम्पो गाळला नव्हता, पूल गाळला नव्हता. तो जे हरवेल म्हणून भीत होता ते ती रोज चालत येऊन त्याच्या समोर ठेवत होती, आणि तो तिला म्हणत होता, नुसत्या फेऱ्या मारते. या घरात सगळ्यांत मोठं नवल त्या पाच डब्यांतून येतं असं त्याला वाटलं होतं.

त्याने चप्पल काढली. मागून खांद्याला हात लावला तर ती घाबरली असती, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. तो भिंतीच्या कडेने गेला, खुर्चीला लांबून वळसा घातला. टीव्हीच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभा राहिला, तेव्हा उजेड त्याच्या पाठीमागून येत होता. चेहरा दिसणार नाही. त्याने हात लांब करून दिवा लावला आणि तिच्यासमोर फरशीवर बसला.

विद्याने डोळे उघडले. त्याला बघून तिचा हात झटकन कानाकडे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. तिने तो हात हळूच खाली घेतला. कापूस काढला नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, नजर न हटवता, अगदी त्याच्यासारखी.

“विद्या,” तो म्हणाला, प्रत्येक अक्षर ओठांवर नीट ठेवत, “मला कमी ऐकू येतं.”

ओठ वाचायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने मान हलवली. कापूस कानात असल्यामुळे तिचा आवाज जरा मोठाच आला. “मला माहीत आहे,” ती म्हणाली. “पण हे असं असेल ते माहीत नव्हतं. फार एकटं आहे हो इथे.”

 ते ‘शूऽऽ’ त्यांच्याभोवती फिरत होतं, डावीकडून उजवीकडे, मागून पुढे, आणि त्या खुर्चीत त्याला यायचं तसंच तिलाही ते चारी बाजूंनी सारखं येत होतं. अनंतला वाटलं, आता ती काहीतरी मोठं बोलेल, डॉक्टरचं, कानाच्या यंत्राचं, कधीपासून आणि का सांगितलं नाही याचं. तो तयार होऊन बसला. तिने पदराने डोळे पुसले, खुर्चीत थोडी पुढे सरकली, आपला चेहरा दिव्याच्या उजेडात आणला.

“आज ना,” ती म्हणाली, “पुतळाबाई आली होती. तिचा तो जावई नाही का, टेम्पोवाला, त्याच्या मोठ्या बहिणीचं काय झालं माहितेय?”

आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.